खेळणारीची कैफियत

मंगळवार, रात्री.

आमच्या वहिनी संध्याकाळचा कुकर चढवून, चष्मा कपाळावर सारून, मोबाइलवर कँडी क्रश घेऊन बसतात आणि एखादी पातळी अडली म्हणजे शिट्यांनाही दाद देत नाहीत. तथापि ‘गेम खेळता का?’ असे कोणी पुसल्यास ‘छे, वेळ घालवते झालं’ एवढेच उत्तर मिळते. हेच भाऊंनी केले असते, तर त्यास छंद ही प्रतिष्ठित संज्ञा लाभली असती!

वास्तविक १९८० साली जपानच्या तोरू इवातानी यांनी पॅक-मॅन रचला, तोच मुळी स्त्रियांनीही खेळावे या हेतूने. आणि १९८४ मध्ये डोरिस सेल्फ या अमेरिकन बाईंनी वयाच्या ५८व्या वर्षी ‘क्यूबर्ट’ या खेळात जागतिक विक्रम केला. पण हे दाखले कोणाच्या दप्तरी नसतात.

दक्षिण कोरियाच्या किम से-यॉन ऊर्फ गेगुरी हिची हकीकत अधिक बोलकी आहे. २०१६ मध्ये ‘ओव्हरवॉच’ या नेमबाजीच्या खेळात तिचा नेम इतका अचूक ठरला की, प्रतिस्पर्ध्यांनी कपटाची फिर्याद गुदरली. आणि त्या किशोरवयीन मुलीस, माउसवर फिरणारा हात कॅमेऱ्यापुढे रुजू करून, सर्वांदेखत खेळून आपले निर्दोषत्व शाबीत करावे लागले. २०१८ मध्ये ओव्हरवॉच लीगमधील पहिली स्त्री खेळाडू म्हणून ती शांघाय ड्रॅगन्समध्ये दाखल झाली. तो संघ त्या मोसमातील सर्वच्या सर्व ४० सामने हरला. तेव्हा मात्र तिच्याकडे कोणी पुरावा मागितला नसावा.