टोपेकाची मन्रो शाळा

अमेरिकेत पुतण्याकडे गेलो असता आम्ही हट्टाने टोपेका गाठले. कॅन्सस सिटीपासून शंभर किलोमीटर. लाल विटांची ही मन्रो शाळा १९२६ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधली. आज तेथे राष्ट्रीय स्मारक आहे, तिकीट नाही.

टोपेकाच्या शिक्षण मंडळाकडे तेव्हा गोऱ्यांच्या १८ आणि काळ्यांच्या ४ प्राथमिक शाळा होत्या. ऑलिव्हर ब्राऊन रेल्वे कारखान्यात वेल्डर, आपल्या वर्कशॉपवाल्या बांधवांसारखेच. त्यांची लिंडा तिसरीत. घराजवळची सम्नर शाळा गोऱ्यांची, म्हणून पोरीने रेल्वे यार्डातून चालत जाऊन बस पकडायची! १९५१ साली १३ पालक कोर्टात गेले. पुढचे डावपेच लुसिंडा टॉड या बाईंच्या जेवणाच्या टेबलावर ठरत. बाई पूर्वी शिक्षिका. लग्न झाले म्हणून नोकरी गेलेली.

मन्रो शाळा वाईट मुळीच नव्हती. शिक्षक शिकलेले, जीव लावणारे. सवाल होता बंद दाराचा. महाडला आपली माणसे काय नुसती तहान भागवायला गेली होती?

१७ मे १९५४ रोजी नऊही न्यायमूर्तींनी एकमताने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पण त्याआधीच, १९५३ साली, मंडळाने काही काळ्या शिक्षकांना पत्रे धाडली होती : शाळा एक झाल्यास तुमची नोकरी राहणार नाही. लढा मुलांसाठी, किंमत गुरुजींनी मोजायची! हे आम्हाला फार लागले.

शाळा तरीही पुरत्या मिसळल्या नाहीत. १९७९ साली खटला पुन्हा उभा राहिला, तो १९९९ पर्यंत चालला. त्यात लिंडाही होती, या वेळी आई म्हणून.