गप्प बसणारं लिव्हर

आमच्या ग्रुपमध्ये हल्ली 'ग्रेड वन' हा शब्द फार चालतो. प्रमोशनचा नाही, सोनोग्राफीचा! तिशीही न गाठलेल्या चौघांच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' असा शेरा आलाय आणि त्यावर जोक्स मारत आम्ही पिझ्झा मागवतो. काही दुखत नाही ना, मग टेन्शन कशाला?

पण लिव्हर सहसा दुखून सांगतच नाही, गोची तीच आहे. मैदा, साखर, तळलेलं, कोल्ड्रिंक यांचा रतीब चालू राहिला की आत बारीक सूज धुमसत राहते. डॉक्टर तिला इन्फ्लमेशन म्हणतात. आधी चरबी, मग सूज, मग चट्टे, पुढे सिरॉसिस आणि काहींना कॅन्सर. हा प्रवास वर्षानुवर्षांचा. बहुतेक जण शेवटच्या स्टेशनपर्यंत जात नाहीत, हे खरं. पण २०२२ मध्ये जगात साडेसात लाखांहून जास्त माणसं लिव्हरच्या कॅन्सरने गेली, हेही खरं.

संशोधकांनी तर आपल्या जेवणाचं प्रगतिपुस्तकच काढलंय. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत तयार झालेल्या 'डाएटरी इन्फ्लमेटरी इंडेक्स'मध्ये ४५ गोष्टींना मार्क आहेत. ट्रान्स फॅट सूज वाढवणारं. फायबर, लसूण, आलं आणि चक्क आपली हळद सूज कमी करणारी. २०१६ मध्ये इटलीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत जास्त सूज वाढवणारं खाणाऱ्यांना लिव्हरच्या कॅन्सरचा धोका, सर्वांत कमी असलेल्या गटाच्या दुपटीहून जास्त दिसला. अर्थात संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. शिवाय या इंडेक्समध्ये अल्कोहोलला किंचित चांगले मार्क आहेत आणि लिव्हरच्या कॅन्सरचं ते पक्कं कारण आहे! तेव्हा वीकेंडवाल्यांनी खूश होऊ नये.

ती यादी वाचताना मला जानेफळ आठवलं. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातलं माझं आजोळ. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. वाटलं, गावाकडचे लोक सुटले. पण गेल्या दिवाळीत मामेभावाचाही रिपोर्ट आला, फॅटी लिव्हर! वय चोवीस, पुण्यात एक दिवस राहिलेला नाही. आपण ऑफिसखाली घेतो तीच वेफर्सची पाकिटं आणि तीच कोल्ड्रिंक्स त्याच्या घराजवळच्या दुकानातही मिळतात. भाकरी घरात होते, पण तो बाहेर खाऊन येतो. मामी म्हणाली, "आता तुम्ही शहरवाले अन् आम्ही सारखेच."

घरचं ते सगळंच निर्धोक, असंही नाही. ओल लागलेल्या शेंगदाण्यांवरच्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि त्यानेही लिव्हरचा कॅन्सर होतो. आजी खवट, काळपट दाणे निवडून फेकते. तो कंजूषपणा नसलेला एकमेव खर्च, असं आम्ही तिला चिडवायचो.

मग करायचं काय? डिटॉक्स ज्यूसचा फंडा विसरा. वजन जास्त असेल तर ते सात ते दहा टक्के हळूहळू उतरवलं, तरी लिव्हरमधली चरबी आणि सूज कमी होते. हेपेटायटिस बीची लस घेतलीय का, हे घरी विचारा. आणि तो ग्रेड वनचा रिपोर्ट ग्रुपवर फॉरवर्ड करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. मामेभावाला मी याच महिन्यात मेहकरला पाठवतेय. पुण्यातल्या चौघांचं अजून चाललंय, "नेक्स्ट वीक नक्की!"