हात पुढं आला तर

आमच्याकडं भेटल्यावर हात मिळवायची रीत नाही. राम राम घालायचा. वारकरी असला तर रामकृष्ण हरी म्हणून दोघांनी एकमेकांच्या पायाला हात लावायचा. पावणा जवळचा असला तर गळाभेट. हातात हात द्यायचा तो जनावरांच्या बाजारात, आणि तोही झाकून. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात वडिलांच्या मागं फिरताना मी हे लहानपणी बघितलंय. दलाल हातावर उपरणं टाकायचा, त्याखाली घेणाऱ्याचा हात आणि विकणाऱ्याचा हात. तोंडानं कुणी आकडा काढायचं नाही. बोटं धरायची, दाबायची, सोडायची. भोवती दहा माणसं उभी असली तरी भाव ज्याचा त्यालाच कळायचा. सौदा बसला की इसार हातावर पडायचा, आणि मग मागनं कुणी शंभर रुपये जास्त देतो म्हणाला तरी बैल फिरवायचा नाही. वडील म्हणायचे, "हात दिला म्हंजी दिला." सही नाही, शिक्का नाही.

त्यामुळं शहरातल्या माणसांसारखा येता-जाता हात मिळवायचं मला कधी जमलं नाही. डाळिंबाच्या बागेला कर्ज मिळालं तेव्हा बँकेच्या साहेबानं टेबलावरनं हात पुढं केला, तर मी आधी त्यात काही द्यायचंय का बघत राहिलो. निवडणुकीच्या वेळी येणारे तर दोन्ही हातांनी आपला हात धरतात आणि नजर मागच्या माणसावर असते. त्याला मी हात मिळवणं म्हणत नाही.

हे सगळं सांगायचं कारण आमच्या फाट्यावरचा माणूस.

२०२१ सालच्या मार्गशीर्षात तो आला. आदल्या वर्षी मार्चात लॉकडाऊन लागलेलं, लोक शिवाशिवीला भ्यालेले, ती भीती अजून पुरती गेली नव्हती. एष्टीच्या थांब्यातल्या बाकड्यावर एका सकाळी तो बसलेला दिसला. अंगात दोन शर्ट, केसांच्या जटा झालेल्या, पायाला चिंधी बांधलेली, आणि जवळ खताच्या रिकाम्या पोत्यात गोळा केलेल्या बाटल्या. कुठला, कोण, काही पत्ता नाही. मराठी येत नव्हती, हिंदीतलं एखाददुसरं कळायचं. सोलापुरात काम केलेला एक गवंडी म्हणाला, ही तेलगू न्हाई. मग कुठली, ते त्यालाही सांगता येईना.

तो मागत नव्हता. कुणी जवळ गेलं की उठून उभा राहायचा आणि उजवा हात पुढं करायचा. तळवा वर करून नाही हं, भीक मागतात तसा नाही. आडवा, हात मिळवायला करतात तसा. पुढचा माणूस दचकायचा. भाकरी आणणारे बाकड्याच्या कडेला ठेवून मागं सरायचे. तो हात तसाच धरून उभा राहायचा, मग खाली घ्यायचा आणि भाकरी उचलायचा.

फाट्यावरच्या हॉटेलात ह्यावर रोज पंचायत भरू लागली. एक म्हणाला, पायाची जखम बघा, महारोग असणार. हे मी तिथंच खोडून काढलं, कारण माझ्या चुलतीला तो आजार झालेला. सरकारी दवाखान्यातल्या फुकटच्या गोळ्या वर्षभर खाऊन ती खडखडीत बरी झाली, पुढं वीस वर्षं तिच्या हातची भाकरी आम्ही खाल्ली. हात लावल्यानं तो रोग होत नाही. दुसरा म्हणाला, येडा माणूस, हात पिरगाळला तर? तिसऱ्याचं म्हणणं शहाणपणाचं होतं. "भाकरी दिली की इषय मिटतो. हात दिला की त्यो आपला होतो. मग निस्तरणार कोण?"

शेजारच्या बाकावर माझा शाळेतला सोबती बसला होता. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात. त्याची वस्ती ओढ्याच्या पलीकडं, आणि का पलीकडं ते गावाकडच्या वाचकाला सांगायला नको. तो इतका वेळ गप्प होता. कप खाली ठेवून म्हणाला, "माझ्या बापाला ह्याच फाट्यावर वरनं च्या वतायचे. कान तुटलेला कप भायेर वळचणीला असायचा. तवाबी लोकं असंच म्हनायची, घाण आसंल, रोग आसंल."

कुणी काही बोललं नाही. मग एकानं कांद्याचा भाव काढला.

पंढरपूर आमच्यापासून लांब नाही. तिथल्या विठोबाच्या दारात सगळ्यांना जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपास धरावा लागला. देवाच्या पायाला हात लावायलाच ज्यांना इतकी वाट बघावी लागली, त्यांना ह्या थांब्यावरचा पुढं आलेला हात आमच्यापेक्षा लवकर कळला असला तर नवल नाही.

वडिलांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेलं होतं. बाबा २० डिसेंबर १९५६ ला गेले, म्हणजे माझ्या जन्माआधी. अंगावर चिंध्या, हातात फुटकं गाडगं आणि खराटा, अनोळखी गावात लोक त्यांना भिकारी समजत. आणि कुणी पाया पडायला आलं तर ते पडू देत नसत. गावात कुणी कीर्तनकार आला की हे उदाहरण देतोच, म्हणतो, फाटक्यात संत ओळखा. मला ते पटत नाही. संत निघाला तर हात द्यायचा, आणि नुसताच भुकेला, मळका माणूस निघाला तर नाही द्यायचा? आमच्या फाट्यावरचा माणूस संत नव्हता. रात्री कुत्र्यांना दगड मारायचा, आणि एकदा हॉटेलवाल्याचा बिस्किटाचा पुडा त्यानं उचललाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीला दूध घालून मी थांब्यावर गेलो. तो उठला, हात पुढं केला, मी धरला. हात थंड होता आणि खरबरीत. बोटांच्या मुळाशी चार घट्टे हाताला लागले. असे घट्टे माझ्याही हाताला आहेत, खोऱ्याच्या दांड्यानं पडतात, बाटल्या गोळा करून पडत नाहीत. कुठंतरी ह्यानं पाटाचं पाणी वळवलं असणार, नाहीतर माती ओढली असणार. त्यानं दाबला नाही, ओढला नाही. जरा वेळ धरला, सोडला आणि तोच हात आपल्या छातीला लावला.

घरी येऊन मी साबणानं हात धुतले. त्यात मला काही वावगं वाटत नाही. गोठ्यातून आल्यावरही धुतो, म्हणून गाय काय परकी झाली?

हॉटेलवाला नंतर म्हणाला, "तात्या, तुमी दुसरं. तुमचा सोबती आठ दिस झालं रोज हात देऊन जातोय. तांबडं फुटायच्या आत."

पण तिसऱ्या माणसाचं म्हणणं खरं ठरलं. पंधरा दिवसांनी एका सांजच्याला तो आमच्या वस्तीवर येऊन उभा राहिला. फाट्यापासून दीड किलोमीटर, दुखऱ्या पायानं. कारभारणीनं कालवण-भाकरी वाढली. नात सहा वर्षांची, ती त्याच्याशी हात मिळवून खिदळायला लागली. पोरगा मोटरसायकलवरनं उतरला, ते बघितलं आणि तिला आत घेतलं.

"आबा, फाट्यावर तुम्ही काय करायचं ते करा. घराकडं नको."

"त्यानं केलंय काय?"

"केलं नाही. पण रात्री मी पाण्यावर असतो, तुमचं वय झालं. हाक मारली तर ऐकायला कोण हाय हितं?"

त्याचं खोटं नव्हतं. वस्तीवर हाकेच्या टप्प्यात दुसरं घर नाही, लाइट रात्रीची, मोटर चालू करायला पुरुष माणूस रानात. लेकीबाळींच्या घरात अनोळखी माणूस झोपवायचा की नाही, हे एकट्या माझ्या मनावर नव्हतं. मी त्याला मोटरसायकलवर मागं बसवायला लावला आणि आम्ही दोघं बापलेक त्याला थांब्यावर सोडून आलो. मी खुणेनं सांगितलं, तिकडं नाही यायचं, मी इथं येणार. रोज येणार. त्याला किती कळलं देव जाणे. पण त्यानं हात पुढं केला आणि मी दिला. तेव्हा मात्र मला उपरण्याखालचा हात आठवला.

त्यानंतर मी दूध घालायला जाताना रोज थांबायचो. हुरडा झाला, ज्वारी काढणीला आली, तरी चुकवलं नाही. तो पुन्हा वस्तीवर आला नाही. म्हणजे कळलं असणार. पायाच्या जखमेला उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंकडं नेला. त्यांनी हातमोजे घालून पट्टी केली. झाल्यावर ह्यानं हात पुढं केला, त्यांच्या मोज्याकडं बघितलं, आणि वळून माझ्यापुढं केला. बाई हसल्या. मोजा काढून म्हणाल्या, "घ्या हो, आमचापण घ्या."

फाल्गुनात एका सकाळी बाकडं मोकळं होतं. रात्री कुठल्या गाडीत बसला, चालत गेला, कुणी बघितलं नाही. पोलीस पाटलांनी आजूबाजूच्या गावांत फोन लावले. मी आणि माझा सोबती माण नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. पोतं तेवढं बाकड्याखाली होतं. त्यात बाटल्या लहान-मोठ्या निवडून, बुचं लावून ठेवलेल्या.

हॉटेलवाल्यानं पोतं दोन महिने आत ठेवलं, मग उंदीर व्हायला लागले म्हणून भंगारवाल्याला दिलं. चौतीस रुपये आले. ते कुणाचे, ह्यावर फाट्यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी त्यानं ते कागदात गुंडाळून गल्ल्याच्या कोपऱ्यात ठेवले. मोड नसली तरी त्याला तो हात लावत नाही.