ऑफिस सुटल्यावरचा खेळ

लंडनमध्ये बिग बेन सगळेच बघतात. मी बघितला एक पुतळा, एक मैदान आणि एका क्लबचा जुना पत्ता. आणि त्या नादात दहा वर्षांनी स्पोर्ट्स शूजची लेस बांधली!

ऑनसाइट पोस्टिंगवर लंडनला गेलेल्या कुठल्याही मराठी मुलीचे पहिले चार वीकेंड ठरलेले असतात. पहिला बिग बेन, दुसरा टॉवर ब्रिज, तिसरा मादाम तुसाँ आणि चौथा साउथॉल. तोवर आईनं दिलेला गोडा मसाला संपलेला असतो ना! प्रश्न पाचव्या वीकेंडपासून सुरू होतो. संध्याकाळी चारला अंधार, बाहेर रिपरिप पाऊस, घरात एकटी मी आणि लॅपटॉप. व्हिडिओ कॉलवर आई विचारायची, ‘‘जेवलीस का गं?’’ आणि मी मॅगीचा बाऊल कॅमेऱ्याबाहेर सरकवून म्हणायची, ‘‘हो, वरणभात.’’

ऑफिसमधल्या शेजारच्या डेस्कवरच्या बाईंना हे कसं कळलं कोण जाणे. त्या पन्नाशीच्या, दोन मुलांची आई, क्लायंट कॉलवर भयंकर कडक. एका मंगळवारी त्या म्हणाल्या, ‘‘संध्याकाळी काय करतेस? शूज आणलेस तर माझ्याबरोबर चल.’’ मला वाटलं वॉक असेल. निघालं नेटबॉल!

हातात बॉल, पाय जागेवर

एका शाळेचा हॉल. पंधरा-सोळा बायका. कुणी नर्स, कुणी बँकेत, एक तर चक्क आजी. शाळा सुटल्यावर खेळ सुटलेल्या बायकांना पुन्हा मैदानावर आणायचं, म्हणून इंग्लंडच्या नेटबॉल संघटनेनं २०१० मध्ये ‘बॅक टू नेटबॉल’ नावाचा उपक्रम सुरू केला. हे सेशन त्यातलंच.

मी शाळेत आणि कॉलेजात खो-खो खेळलेली. त्यामुळे थोडा अ‍ॅटिट्यूड होताच. बॉल पकडला आणि पळत सुटले. शिट्टी! पुन्हा पकडला, पुन्हा पळाले. पुन्हा शिट्टी! नेटबॉलमध्ये बॉल हातात आला की पळायचं नाही. जो पाय आधी टेकला तो रोवून ठेवायचा आणि तीन सेकंदांत बॉल दुसरीकडे द्यायचा. समोरच्या मुलीच्या अंगाला अंग लावायचं नाही, बॉल असलेल्या खेळाडूपासून तीन फूट लांब राहायचं. माझ्या बिबवर ‘डब्ल्यूडी’, म्हणजे विंग डिफेन्स, असं लिहिलं होतं आणि मी उत्साहात थेट रिंगखाली पोहोचले होते. तिथे जायची मला परवानगीच नव्हती! सात जणी, सात जागा आणि प्रत्येकीची हद्द ठरलेली. गोल फक्त दोघींनीच करायचा. रिंग दहा फुटांवर, पण बास्केटबॉलसारखा मागे बोर्ड नाही. म्हणजे फळीवर आपटून बॉल आत पडेल या आशेवर जगता येत नाही.

थोडक्यात, खो मिळाल्यावर उठून पळायची सवय असलेल्या मुलीनं बॉल मिळाल्यावर थांबायला शिकायचं. पहिल्या दिवशी माझ्या नावावर गोल शून्य आणि शिट्ट्या अगणित.

पण त्या रात्री मी शांत झोपले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

केराच्या टोपल्यांपासून सुरुवात

आता आपल्याला सवय काय? एखादी गोष्ट आवडली की तिचं मूळ शोधायचं. पुढच्या रविवारी मी डार्टफर्डची ट्रेन पकडली. रोलिंग स्टोन्सच्या फॅन्सना हे गाव माहीत असेल. १९६१ मध्ये मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांची भेट याच स्टेशनच्या दोन नंबर प्लॅटफॉर्मवर झाली आणि तिथे तसा फलकही आहे. मी मात्र पुढे चालत गेले, डार्टफर्ड हीथच्या दिशेनं.

मादाम मार्टिना बर्गमन-ओस्टरबर्ग ही स्वीडिश बाई. मुलींना व्यायाम शिकवणाऱ्या शिक्षिका तयार करण्यासाठी तिनं १८८५ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागात कॉलेज काढलं आणि १८९५ मध्ये ते डार्टफर्डला हलवलं. अमेरिकेत जेम्स नेस्मिथनं १८९१ मध्ये बास्केटबॉल शोधला होता. दोनच वर्षांत एका अमेरिकन पाहुण्यानं तो या कॉलेजच्या मुलींना दाखवला. रिंग वगैरे कुठल्या! भिंतीला केराच्या टोपल्या टांगल्या आणि खेळ सुरू. पुढे खेळ बाहेर गवतावर आला, १८९७ च्या सुमारास टोपल्यांच्या जागी रिंग आल्या, मैदानाचे तीन भाग झाले आणि १९०१ मध्ये नियमांची पुस्तिका छापली गेली.

नियम असे का, याचं उत्तर त्या काळच्या कपड्यांत आणि डोक्यांत आहे. पायघोळ झगे घालून बॉल आपटत धावणार कसं? आणि ‘मुलींनी’ धक्काबुक्की करायची? छे छे! म्हणून पळायचं नाही, ढकलायचं नाही, आपली हद्द सोडायची नाही. आज ऐकून राग येतो. पण गंमत बघा, याच बंधनांतून एक विलक्षण वेगवान खेळ तयार झाला. बॉल घेऊन कुणालाच धावता येत नसल्यामुळे एकटी स्टार प्लेअर सगळी मॅच खिशात घालू शकत नाही. पास द्यावाच लागतो.

कॉलेजची ती जुनी जागा मी बाहेरूनच बघितली. तिथे आता नॉर्थ केंट कॉलेज आहे. याच कॉलेजमधून शिकून गेलेल्या शिक्षिकांनी हा खेळ शाळाशाळांत आणि साम्राज्यभर नेला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तर १९७० पर्यंत त्याला ‘विमेन्स बास्केटबॉल’च म्हणत. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, खेळाडूंची संख्याही वेगळी. शेवटी १९६० मध्ये सगळे एकत्र बसले कुठे, तर आपल्या शेजारी, सिलोनमध्ये! १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या ईस्टबोर्नला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि ती ऑस्ट्रेलियानं जिंकली.

पत्ता : ३०९, रीजंट स्ट्रीट

पण शाळेतला खेळ वेगळा आणि क्लब वेगळा. शाळेत तास असतो म्हणून आपण खेळतो. शाळा संपल्यावर, नोकरी लागल्यावर, कुणी सांगितलेलं नसताना बायका कधीपासून खेळायला लागल्या? हे त्या ऑफिसच्या बाईंना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, ‘‘रोज त्याच्यासमोरून बस पकडतेस की!’’

ऑक्सफर्ड सर्कसला उतरून रीजंट स्ट्रीटवरून बीबीसीच्या दिशेनं चालायला लागलं की ३०९ नंबरची भव्य इमारत लागते. आज ही युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टमिन्स्टर. पूर्वीची रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निक, लंडनकरांची लाडकी ‘पॉली’. इथल्या थिएटरात फेब्रुवारी १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंचे चित्रपट ब्रिटनमध्ये पहिल्यांदा प्रेक्षकांना दाखवले गेले. २०१५ मध्ये ते थिएटर दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं.

क्विंटिन हॉग हा साखरेचा व्यापारी. रस्त्यावरच्या मुलांना शिकवण्यापासून त्यानं सुरुवात केली आणि १८८२ मध्ये ही जागा घेतली. दिवसभर नोकरी करणाऱ्या तरुणांनी संध्याकाळी इथे यावं, शिकावं, व्यायाम करावा, दोस्त जमवावेत, ही त्याची कल्पना. १८८८ मध्ये जवळच लँगहॅम प्लेसला तरुणींसाठी वेगळी संस्था निघाली. आणि १९०७ मध्ये पॉलीच्या मुलींनी नेटबॉल क्लब काढला. जगातला सर्वात जुना नेटबॉल क्लब म्हणून तो ओळखला जातो.

१९०७! जरा हिशेब करा. ब्रिटनमधल्या बायकांना मतदानाचा पहिला हक्क मिळाला १९१८ मध्ये, तोही तिशी उलटलेल्यांना आणि अटी घालून. पुरुषांच्या बरोबरीचा हक्क १९२८ मध्ये. इंग्लंडभरच्या नेटबॉलची संघटना झाली १९२६ मध्ये. या सगळ्याच्या आधी काही नोकरदार मुलींनी ठरवलं, की दिवसभराचं काम झाल्यावर सरळ घरी जायचं नाही, खेळायचं. मताचा हक्क नव्हता, पण टीमची कॅप्टन निवडता येत होती.

इमारतीपासून दोन मिनिटांवर पोर्टलंड प्लेसला हॉगचा ब्राँझचा पुतळा आहे. १९०६ चा. हॉग बसून वाचतोय आणि शेजारी दोन मुलगे, एकाच्या हातात फुटबॉल. छान आहे पुतळा. मी त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या. मुलगी कुठेच नाही. हॉगची बायको अ‍ॅलिस हिचं नाव खाली कोरलेलं आहे, तेवढंच. पुतळा बसवला त्याच्या पुढच्याच वर्षी क्लब निघाला, हे मला फार आवडलं.

तिथून मी चिझिकला गेले. पॉलीचं १९०६ पासूनचं मैदान तिथे आहे, थेम्सच्या काठाजवळ. १९३६ मध्ये बांधलेला काँक्रीटचा ग्रँडस्टँड अजून उभा आहे. त्या दिवशी समोर फक्त ओलं गवत आणि एक कुत्रा फिरवणारे आजोबा. थंडीनं बोटं बधिर झाली होती, तरी मी अर्धा तास हलले नाही. कारण मला मावशी आठवत होती.

मावशीची ट्रंक

माझी मावशी खो-खो जिल्हा पातळीवर खेळली. खांब मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणे. बाविसाव्या वर्षी लग्न झालं आणि सासरी पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं, ‘‘आता पुरे.’’ तिची मेडल्स अजून ट्रंकेत आहेत, लग्नातल्या शालूच्या खाली. लहानपणी ती गोष्ट ऐकली की मी तावातावानं म्हणायचे, ‘‘मी असती ना, तर ऐकलंच नसतं!’’

खरं सांगू? मला कुणीच ‘पुरे’ म्हटलं नव्हतं. ना आईनं, ना नवऱ्यानं, ना सासूबाईंनी. तरी माझे शूज दहा वर्षं माळ्यावर होते. आधी कॅम्पस इंटरव्ह्यू, मग अप्रेझल, मग हिंजवडीचं ट्रॅफिक. मावशीचा खेळ लोकांनी बंद केला. माझा मीच, आणि मला कळलंही नाही.

ज्या पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले गेले, तिथली मी! नियम, मैदान, शिट्टी सगळं आपल्याकडेही होतं. मग आमची टीम कुठे गेली? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे की, अकरा जणी. वाढदिवसाला केकचे इमोजी टाकतो.

पॉलीच्या मुलींनी तरी वेगळं काय केलं होतं? वार ठरवला, जागा ठरवली आणि एक जण गेली तरी क्लब राहील अशी व्यवस्था केली. म्हणून २००७ मध्ये त्या क्लबला शंभर वर्षं झाली. क्लब म्हणजे दुसरं काय असतं? आज कंटाळा आलाय असं वाटत असताना कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढंच.

त्या रात्री मी ग्रुपवर एक ओळ टाकली : ‘‘मार्चमध्ये परत येतेय. शनिवारी सकाळी सात, शाळेचं ग्राउंड. कोण?’’ दोन निळ्या टिका. मग शांतता. मग एकीचा मेसेज, ‘‘गुडघा दुखतो, पण येते.’’

पहिल्या शनिवारी आम्ही पाच जणी होतो. पाच जणींत खो-खो कसला होणार? पाटीवर बसायलाच आठ लागतात. मग लंगडी खेळलो. दहा मिनिटांत सगळ्यांना धाप लागली आणि वीस मिनिटांत हसून हसून पोट दुखायला लागलं. पुढच्या शनिवारी सात, त्याच्या पुढच्या शनिवारी पाऊस आणि तीन. क्लब वगैरे म्हणायला अजून खूप अवकाश आहे.

मावशीला अंपायर म्हणून बोलावलं. आधी ‘‘हे काय वय आहे का माझं’’ झालं. मग साडी खोचून, गळ्यात शिट्टी घालून बाई पावणेसातलाच हजर! मी सात दहाला पोहोचले. तिनं घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, ‘‘उशीर झाला. एक राउंड मार.’’

मारला. मुकाट्यानं!

जायचंय?

रीजंट स्ट्रीट : ऑक्सफर्ड सर्कस ट्यूब स्टेशन (सेंट्रल, व्हिक्टोरिया, बेकरलू लाइन). तिथून उत्तरेकडे चालत पाच मिनिटं. थिएटरात एखादा सिनेमा असेल तर सोडू नका. पोर्टलंड प्लेसचा पुतळा जाता जाता बघून होतो.

चिझिक : वॉटर्लूहून चिझिक स्टेशनपर्यंत ट्रेन, पुढे नदीच्या दिशेनं पायी. हिवाळ्यात हातमोजे विसरू नका.

डार्टफर्ड : चेरिंग क्रॉसहून ट्रेन, साधारण पाऊण-एक तास. जुनं कॉलेज बाहेरूनच बघावं लागतं. स्टेशनवरच्या फलकाबरोबर फोटो मात्र हवाच.

तुमच्या घराजवळचं ग्राउंड : शनिवार, सकाळी सात. शूज माळ्यावर आहेत.