चार बीटल्स

फील्डमधून सुटून फॅमिली स्टेशनला पोस्टिंग आली की फौजी माणसाला वाटतं, आता घर मिळालं. क्वार्टर मिळतं, घर मिळायला वेळ लागतो. हे मला शिलाँगमध्ये कळलं.

मार्च महिन्यात गावाहून सगळ्यांना घेऊन गेलो. थोरला दहा वर्षांचा, धाकटी पाच वर्षांची. मधली अडीच वर्षं मी काश्मीरमध्ये होतो आणि सुट्टीला आलो तेव्हाही अर्धी सुट्टी शेतीची कामं, बँक आणि लग्नकार्यात गेलेली. धाकटीनं पहिल्या आठवड्यात आईला विचारलं, "पप्पा फोनमध्ये कधी येणार?" मी समोरच जेवायला बसलो होतो. बायको हसली, मीही हसलो, पण तो घास काही नीट उतरला नाही. थोरल्याचं वेगळंच. विचारलं तेवढंच उत्तर, "हो पप्पा", "नाही पप्पा", जणू मी त्याचा कंपनी कमांडर. हातात मोबाइल आणि कानात त्या वायरी.

मला पोरांशी बोलायचं काय तेच कळेना. पलटणीतल्या वीस वर्षांच्या पोराशी मी तासभर बोलू शकतो. घरात मात्र "अभ्यास झाला का?" यापुढे गाडी जात नव्हती.

जूनमध्ये एका संध्याकाळी थोरला आपणहून जवळ आला. म्हणाला, "पप्पा, परवा शाळेत बीटल्सवर पाच मिनिटं बोलायचंय. तुम्हाला माहिती आहे का काही?"

मी म्हटलं, "कुठल्या बीटल्सवर?"

"चारही. चारच आहेत ना."

आता सांगायला लाज वाटत नाही, पण मला बीटल म्हणजे भुंगेराच माहीत होता. आम्ही सातारा जिल्ह्यातली ऊसवाली माणसं. आमच्याकडे भुंगेरा म्हणजे हुमणीचा. पहिला वळीव पडला की संध्याकाळी जमिनीतून वर येतो, कडुलिंब-बाभळीवर बसून पाला खातो आणि त्याची पांढरी अळी जमिनीखाली उसाची मुळं कुरतडते. लहानपणी रात्री कंदील घेऊन आम्ही झाडं हलवायचो, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचो. तेव्हा या विषयात आपला हात कोण धरणार, असं मला वाटलं. आणि पोरानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं!

शिलाँगचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पाच हजार फुटांवर गाव, पत्र्याची छपरं, पाइनची झाडं. पावसाळ्यात व्हरांड्यातली ट्यूबलाइट लावली की दहा मिनिटांत सगळी कीटकसृष्टी भिंतीवर हजर. मी दोन संध्याकाळी छत्री घेऊन उभा होतो. कॉफीच्या रिकाम्या बाटल्या घेतल्या, झाकणांना भोकं पाडली आणि बरोब्बर चार जमवले. एक काळा, डोक्यावर सांबरासारखी शिंगं असलेला. एक तपकिरी, आमच्या हुमणीचा भाऊबंद. एक ढालकिडा, लाल पाठीवर काळे ठिपके. आणि एक काजवा, कारण काजवा हाही भुंगेराच हे मला आमच्या गावच्या कृषी सहायकानं कधीतरी सांगितलं होतं. उलट लाकूड पोखरणारा, गुंगुं करणारा काळा भुंगा आपण ज्याला म्हणतो तो भुंगेरा नव्हेच, तो मधमाशीच्या खानदानातला. आपल्या भाषेनं दोघांना जवळजवळ एकच नाव देऊन घोळ करून ठेवलाय.

चार बाटल्या टेबलावर मांडल्या आणि थोरल्याला हाक मारली. तो बघतच राहिला. मग खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. त्याचं हसणं मी सुट्ट्यांमध्ये ऐकलंच नव्हतं. "पप्पा, हे बीटल्स नाहीत! ते बीटल्स!" इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, आणि उच्चारात तोही नाही. मी तरी काय करणार?

रात्रीचे नऊ वाजले होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक मिझो हवालदार राहायचा, गिटार वाजवणारा. त्याचं दार वाजवलं. तो बनियनवर गिटार घेऊनच आला, बाटल्या पाहिल्या आणि म्हणाला, "साब, आप गलत नहीं हो. नाम तो कीड़े से ही आया है."

मग त्यानं सांगितलं ते असं. अमेरिकेत बडी हॉली नावाचा गायक होता, त्याच्या बँडचं नाव क्रिकेट्स, म्हणजे रातकिडे. 1959 साली विमान अपघातात तो गेला, वय अवघं 22. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या पोरांना तो फार आवडायचा. जॉन लेनन आणि त्याचा मित्र स्टुअर्ट सटक्लिफ यांनी त्या रातकिड्यांवरून आपल्या बँडला भुंगेऱ्यांचं नाव शोधलं. मग बीट म्हणजे ताल, तो शब्द आत बसावा म्हणून स्पेलिंग बदललं. 1960 सालची गोष्ट. रिंगो नावाचा ड्रमवाला 1962 मध्ये आला आणि जगाला माहीत असलेले चौघे पूर्ण झाले.

त्या रात्री बाटल्यांना नावं पडली. शिंगवाला जॉन, कारण तो भांडखोर. तपकिरी पॉल. चारही बाजूंनी गोल आणि हसतमुख दिसणारा ढालकिडा रिंगो. आणि काजवा जॉर्ज, कारण हवालदार म्हणाला की चौघांत शांत म्हणून जॉर्ज हॅरिसनच ओळखला जायचा. थोरला चारही बाटल्या शाळेत घेऊन गेला आणि पाचऐवजी पंधरा मिनिटं बोलला म्हणे. परत आला तेव्हा बसमधून उतरल्यापासून बोलत होता, माझ्याशी.

धाकटी मात्र बाटल्यांपासून चार हात लांब. किडा म्हटलं की आईच्या पदराआड. तिला मी रिंगोचीच गोष्ट सांगितली. 1968 च्या फेब्रुवारीत हे चौघे आपल्या देशात, हृषीकेशला गंगेकाठी आश्रमात ध्यान शिकायला आले होते. रिंगो बरोबर डबाबंद घेवड्याची एक बॅगच घेऊन आला, कारण त्याला तिखट-मसाला सोसायचा नाही. आणि त्याची बायको मॉरीन माश्या-किड्यांना इतकी घाबरायची की दोघं दहा-बारा दिवसांतच परत गेले. "म्हणजे बीटलची बायको किड्यांना घाबरायची?" धाकटीनं विचारलं. मग तिला वाटलं असावं, आपण काही इतक्या घाबरट नाही. तिनं बाटलीला बोट लावलं. बाहेरून.

बाटलीबाहेर यायला अजून महिना गेला. मी तिला शिंगवाल्याला मानेमागे दोन बाजूंनी धरायला शिकवलं. ती शिंगं म्हणजे खरं तर त्याचे जबडे, नरांनी एकमेकांशी कुस्ती खेळायचे. मादीचे जबडे छोटे, पण चावते तीही. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरोबर आहे." पाठीवरचं चिलखत म्हणजे पुढचे दोन पंख टणक झालेले, आणि उडायचे खरे पंख त्याखाली पॅराशूटसारखे घडी घालून ठेवलेले. तो चिलखत उघडतो, घडी मोडतो आणि उडतो, हे धाकटीनं पहिल्यांदा तळहातावर पाहिलं तेव्हा ती श्वास घ्यायची विसरली. मी पण.

मग मी रात्री मोबाइलवर वाचू लागलो. प्रमोशन कॅडरला केला नव्हता एवढा अभ्यास केला. जगात आजवर नोंदलेल्या भुंगेऱ्यांच्या जातीच सुमारे चार लाख आहेत. त्यातला बॉम्बार्डियर नावाचा एक पोटात दोन रसायनं वेगळी ठेवतो आणि शत्रू आला की ती मिसळून उकळत्या पाण्याइतका गरम फवारा मारतो. थोरल्यानं त्याला ताबडतोब तोफखान्यात भरती केलं. मला स्वतःला आवडला तो शेणाचा गोळा ढकलणारा. आफ्रिकेतला असा एक भुंगेरा रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरून सरळ चालतो. शास्त्रज्ञांनी त्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोप्या घालून खात्री केली. टोपी घातली की गडी भरकटला! मला रंगरूट असतानाचं नाईट नेव्हिगेशन आठवलं. ध्रुवतारा ढगात गेला आणि आमचा सेक्शन पहाटेपर्यंत एकाच नाल्याभोवती फिरत होता. पोरांना ही गोष्ट इतकी आवडली की दर आठवड्याला सांगावी लागे.

गाणी हवालदाराकडून चालू होती. रिंगोचं ऑक्टोपसच्या बागेचं गाणं धाकटीला फार आवडायचं. सार्डिनियाला बोटीवर असताना कप्तानानं त्याला सांगितलं होतं की ऑक्टोपस समुद्रतळावरचे चमकदार दगड गोळा करून बाग मांडतात, त्यावरून त्यानं ते केलं. पिवळ्या पाणबुडीच्या गाण्यावर तिचा प्रश्न होता, "ही नेव्हीची आहे का?"

शिलाँगमध्ये हे असलं काही शिकायला कष्ट नाहीत म्हणा. टॅक्सीत गिटार, चहाच्या टपरीवर गिटार. पुढच्या 24 मेला पोरांना लू माजाव यांच्या कार्यक्रमाला नेलं. अर्धी कापलेली जीन्स आणि लांब केस ही त्यांची ओळख. 1972 पासून दरवर्षी या दिवशी हा माणूस बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करतो. कुठे मिनेसोटा, कुठे खासी टेकड्या. थोरला परत येताना गाडीत गप्प होता. मग म्हणाला, "मला गिटार पाहिजे." कॅन्टीनमध्ये मिळत नव्हती, पोलीस बाजारातून आणली.

एका रविवारी डावकीला गेलो. पलीकडे बांगलादेश दिसतो. माझे चुलते 1971 ला पूर्व आघाडीवर होते, त्यांच्या तोंडून निर्वासितांच्या रांगा ऐकल्या होत्या. पोरांना सांगितलं की त्याच लोकांसाठी 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कमध्ये जॉर्जनं पंडित रविशंकरांबरोबर मोठा कार्यक्रम केला, रिंगोही होता आणि डिलनही आला. थोरला नदीकडे बघत म्हणाला, "म्हणजे आजोबा बंदूक घेऊन आणि जॉर्ज गिटार घेऊन." चुलते असते तर त्यांना हे कितपत पटलं असतं, शंकाच आहे.

त्याच जूनमध्ये सुट्टीला गावी गेलो. वळीव पडून गेला होता. रात्री वडील काठी आणि बादली घेऊन कडुलिंबाकडे निघाले. धाकटी मागोमाग पळाली. थोड्या वेळानं तिचं रडणं ऐकू आलं. बादलीत रॉकेलच्या पाण्यावर शेकडो भुंगेरे तरंगत होते, आणि ती आजोबांचा हात ओढत होती. "हे पॉल आहेत! पप्पा, सांगा ना त्यांना!"

मी काय सांगणार? चाळीस वर्षं त्या उसावर घर चाललंय. मी गप्प उभा राहिलो, आणि तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून टोचते. वडिलांनी तिला काही समजावलं नाही. सकाळी तिला शेतावर नेलं आणि पिवळा पडलेला एक ऊस नुसता हातानं वर उचलला. मुळं नव्हतीच. खाली मातीत पांढरी अळी. ती बराच वेळ बघत बसली. संध्याकाळी तिनं आजोबांना विचारलं, "एक ठेवू का?" ते म्हणाले, "ठेव की." तो बाटलीतला एक पॉल कडुलिंबाचा पाला खात आमची सुट्टी संपेपर्यंत जगला. जाताना तिनं तो कुठे सोडला हे तिनं आजोबांना सांगितलं नाही. मलाही नाही.

पुढच्या मार्चला पुन्हा फील्डची ऑर्डर आली. सामानाच्या काळ्या पेट्या, पेटीवर पांढऱ्या रंगात नंबर, सगळं नेहमीचं. पोरं गावी. शिंगवाल्याची अळी कुजक्या लाकडात काही वर्षं राहते आणि बाहेरचं आयुष्य थोड्याच महिन्यांचं असतं, हे मीच कधीतरी घरात सांगितलं होतं. पेटी बांधताना बायको म्हणाली, "तुमच्यासारखंच की ते."

आता आहे तिथे झाडच नाही. जागा नेहमीप्रमाणे सांगत नाही. उंच आहे आणि थंड आहे, एवढं पुरे. पोस्टजवळ एका ठिकाणी कधीमधी नेटवर्क लागतं. परवा तिथे फोन लावला. थोरल्याच्या गिटारचा आवाज मागून येत होता, एक सूर चुकत होता. तेवढ्यात बाजूच्या दगडावर काहीतरी लाल हललं. ढालकिडा. या उंचीवर! हातमोजा काढून त्याला बोटावर घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

"रिंगो!" धाकटी ओरडली. "हलू नका पप्पा. किती ठिपके आहेत?"

चित्र तिथेच अडकलं, आवाज चालू होता. मी मोजले. सात होते.