केबल कपाटात ठेवायचा आठवडा

देपालपूर तालुक्यातलं गौतमपुरा हे मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचं गाव. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रुणजीची कलंगी हे दोन संघ समोरासमोर येतात आणि दारू ठासलेली हिंगोटाची पेटती फळं एकमेकांवर सोडतात. एवढ्या गर्दीत मोबाइलच्या भरवशावर राहू नये. बंदोबस्ताला आणि रुग्णवाहिकेला जोडायला वायरलेस सेटच हवा. तो ऐन वेळी बोलेल की नाही, हे बरंचसं आधीच्या महिन्यात ठरतं. देखभाल म्हटली की आपण बॅटरी आणि अँटेना बघतो. सेट चालवणारी आतली आज्ञावली, म्हणजे फर्मवेअरही, त्याच वहीत नोंदलं जावं, एवढंच माझं म्हणणं.

यावरचा आक्षेप ठरलेला: सेट चालतोय ना, मग हात कशाला लावायचा? पण नुसतं चालणं पुरत नाही. पोलीस आणि आपत्कालीन सेवा वापरतात त्या टेट्रा पद्धतीतल्या पाच त्रुटी २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी उघड केल्या. त्या वेळीही सेट खणखणीत बोलतच होते. काही त्रुटी फर्मवेअर बदलून बुजतात. टेट्रातलं संभाषण कूटबद्ध करणाऱ्या टीईए-१ची ८० बिटांची किल्ली मात्र प्रत्यक्षात ३२ बिटांइतकीच निघाली, आणि तिथे नुसत्या अपडेटने भागत नाही. अपडेट रामबाण नाही. पण जे त्याने बुजतं, ते उघडं ठेवण्यात शहाणपण नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: अपडेट अर्धवट राहिलं तर चांगला सेट मुका होतो. खरं आहे, म्हणूनच क्रम पाळायचा. आधी सेटमधला कोडप्लग, म्हणजे चॅनेल, फ्रिक्वेन्सी, गट यांची सगळी मांडणी, वाचून जपून ठेवायची. बॅटरी पूर्ण भरायची, काम संपेपर्यंत केबलला धक्का लागू द्यायचा नाही. एकच सेट बदलून रिपीटरवरून बोलून पाहायचं, मग बाकीचे. डीएमआर या डिजिटल पद्धतीच्या सेटमध्ये कलर कोड ० ते १५ असतो, आणि तो रिपीटरशी जुळावा लागतो. १ च्या जागी २ पडला, तर पडद्यावर चॅनेल बरोबर दिसतो, बॅटरी भरलेली दिसते, आणि समोरचा आवाज मात्र येत नाही. ही चूक कार्यालयात सापडली तर पाच मिनिटांचं काम, मैदानात सापडली तर उशीर झालेला असतो.

तेव्हा अपडेट दसऱ्याआधी उरकावं, आवृत्ती आणि तारीख वहीत लिहावी. दिवाळीच्या आठवड्यात मात्र केबल कपाटातच राहू द्या.