उजेडाआधी पकड

मेंदूत ग्लुटामेट किंवा डोपामीन हे संदेशवाहक रेणू सुटताना दिसावेत म्हणून चमकणारी प्रथिनं घडवायची, हे माझं काम. अशा सेन्सरबद्दल पहिला प्रश्न येतो तो उजेडाचा: किती पट उजळतो? माझ्या मते त्याची खरी योग्यता पकडीवर ठरते. तो रेणू किती घट्ट धरतो आणि किती लवकर सोडतो, हे आधी पाहायला हवं.

असा सेन्सर बनतो तो असा: ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली जेलीफिशमधून वेगळं केलेलं हिरवं प्रथिन घ्यायचं, त्याची मूळची दोन टोकं जोडून ते दुसऱ्याच जागी उघडायचं आणि रेणू धरणाऱ्या दुसऱ्या प्रथिनात बसवायचं. रेणू आला की धरणाऱ्याचा आकार बदलतो आणि हिरवा भाग उजळतो. २०१३ च्या आयग्लूस्निफर या ग्लुटामेट सेन्सरमध्ये धरण्याचं काम ई. कोलाय जिवाणूतलं प्रथिन करतं. २०१८ च्या डीलाइट या डोपामीन सेन्सरमध्ये ते काम माणसाचा डी१ हा डोपामीन रिसेप्टर करतो. पकड घट्ट असेल तर अत्यल्प डोपामीनही दिसतं, पण सुटायला वेळ लागतो आणि लागोपाठचे दोन झोत एकात मिसळतात. सैल पकड चपळ असते, मात्र कमी पातळी तिच्या नजरेतून निसटते. मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामीन भरपूर, कॉर्टेक्स या भागात विरळ. दोन्हीकडे एकच सेन्सर वापरणं मला चुकीचं वाटतं.

जुन्या पद्धती होत्याच की, असं कुणी म्हणेल. मेंदूतल्या द्रवाचे नमुने घेणारं मायक्रोडायलिसिस रेणू नेमका ओळखतं, पण एकेका नमुन्याला बहुधा काही मिनिटं घेतं. विद्युत प्रवाहावरून रेणू मोजणारी व्होल्टामेट्री वेगवान आहे, पण डोपामीन आणि त्याच्यासारखाच दुसरा संदेशवाहक नॉरएपिनेफ्रिन तिला जवळजवळ सारखेच दिसतात. डीलाइटही नॉरएपिनेफ्रिनला पूर्ण नाकारत नाही. डोपामीनला मात्र कितीतरी पट घट्ट धरतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सेन्सरनेच रेणू धरून ठेवले तर पेशींच्या वाट्याला काय उरणार? डीलाइटमध्ये रिसेप्टरचा आतल्या बाजूचा तिसरा वळसा काढून तिथे हिरवं प्रथिन बसवलेलं असल्यामुळे तो पेशीत पुढे संदेश जवळपास पाठवत नाही. तरीही रेणू अडकतातच, आणि सेन्सर जितका जास्त नि पकड जितकी घट्ट, तितके अधिक. म्हणजे हा आक्षेपही पुन्हा पकडीपाशीच येतो.

शिवाय आम्लता बदलली, रक्तप्रवाह वाढला किंवा प्राणी हलला तरी उजेड बदलू शकतो. म्हणून रेणू धरूच न शकणारं उत्परिवर्तित रूप त्याच जागी, त्याच प्रयोगात तपासावं लागतं. तेही लुकलुकलं, तर दिसलेलं सगळं डोपामीन नव्हतं. नवा सेन्सर जाहीर करणाऱ्यांनी उजेडाच्या आकड्याशेजारी पकडीचा आकडा, सुटायला लागणारा वेळ आणि या निकामी रूपाचा आलेख छापावा. तो आलेख नसेल, तर वाचकांनी मागून घ्यावा.